निरंक

कसबा बावड्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात त्या सकाळी साहेब कागद नाचवत आले. "शाहूवाडीत एकबी जनावर न्हाय. लसीची गाडी तिकडं पाठवायची गरज न्हाय."

कागदावर वर मथळे होते, खाली काही नाही. मला आधी हसू आलं, मग डोकं सणकलं. आम्ही एका दूध संस्थेचं संगणकाचं काम बघतो, साहेब त्या संस्थेचे. जनावरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली होती, आणि शाहूवाडीत माझ्या आईच्या गोठ्यात तिची एकुलती दुभती म्हैस होती.

ती यादी काढणारी क्वेरी माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, सभासद, दुसऱ्यात जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर. दोन्ही जोडली, म्हणजे जॉइन केला, की लसीची यादी तयार. करवीर तालुक्यात ती झकास चालली. शाहूवाडीचं बिल्ल्यांचं टेबल मात्र रिकामं होतं, कारण बिल्ले मारणारी माणसं डोंगर चढून वर गेलीच नव्हती. साधा जॉइन दोन्हीकडं सापडतील तेवढ्यांनाच ठेवतो. एक बाजू रिकामी, की दुसरीही साफ. जोडीनं जेवायला बोलवायचं आणि नवरा आला नाही म्हणून बाईला पानावरनं उठवायचं, तसला प्रकार. मी माझ्याच आईला उठवलं होतं.

"टेबल रिकामं हाय साहेब, गोठा न्हाय," मी म्हणाले.

"नोंद न्हाय म्हंजे जनावर न्हाय. सिस्टिमच सांगतीया की."

"सिस्टिम मी लिवलीया. ती चुकलीया."

दहा मिनिटं लागली. लेफ्ट जॉइन केला, म्हणजे बिल्ला असो नसो, सभासद सगळे राहणार. नंबर नसेल त्या जागी एक शब्द घातला: निरंक. सरकारी कागदावर सांगण्यासारखं काही नसलं तरी निरंक लिहून द्यावंच लागतं, रकाना कोरा ठेवून चालत नाही. मग मी तरी का ठेवू?

यादी भराभरा खाली सरकत गेली. वाडीमागून वाडी, आणि मध्येच आईचं नाव.

साहेबांनी तोंड वाकडं केलं. "सगळीकडं निरंक, निरंक. बरं दिसत न्हाय. काढून टाक ह्या ओळी."

"न्हाय काढणार. माझी आई हाय त्यात."

त्यांनी यादी पुढं ओढली. मग तिच्यावर सही केली.

चार दिवसांनी आईचा फोन आला. गाडी आली, सुई टोचली, कानात पिवळा बिल्लाही मारला. "पर म्हशीनं त्या डॉक्टरला लाथ घातली बघ," ती ओशाळून म्हणाली.

"बरं केलं," मी म्हणाले.