कौसाबाईच्या मरणाचे कार्यक्रम

किस्से शोधायला लागत नाहीत हो, फक्त एक पुस्तक काढा! ते आपणहून दारात येऊन बसतात. माझा कथासंग्रह दिवाळीत आला आणि होळीपर्यंत दोन छोटे पुरस्कार मिळाले, कथावाचनाचे डझनभर कार्यक्रम झाले. ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यातल्या शाळामास्तराला आणखी काय हवं? पण घोळ असा, की जिथं जावं तिथं सगळ्यांना एकच गोष्ट हवी असायची, ‘कौसाबाई’.

ही कौसाबाई खरी आहे. आमच्याच गावात तलावाची मासळी विकते. मुलगा वरोऱ्याला कामाला गेला, तो सहा वर्षं फिरकला नाही. मी गोष्टीच्या शेवटी तिला मारलं आणि मुलाला तिरडीपाशी रडत आणून बसवलं. तिला विचारलं नाही, नावही बदललं नाही! बाईला वाचता येत नाही, तिला काय कळणार, असा माझा हिशेब. आता सांगताना लाज वाटते.

पहिला दणका नागभीडला. वाचनालयानं प्रचाराचं काम आमच्याकडच्या झाडीपट्टी नाटकांच्या जाहिरातीची गाडी फिरवणाऱ्या एका भाऊंना दिलेलं. मी बसमधून उतरतो तर भोंगा सुरू, “आज दुपारी! अश्रूंचा महापूर! कौसाबाईचं मरण! माताभगिनींसाठी बसण्याची वेगळी सोय!”

हॉल फुल्ल! बायका चटया घेऊन आलेल्या. मी एकटाच पुस्तक उघडून बसलो, तसे पुढच्या रांगेतले आजोबा ओरडले, “बाकीचे नट कुठी हायेत?”

तरी कोणी उठलं नाही. शेवटी निम्मा हॉल डोळे पुसत होता. आजोबा तेवढे नाराज. “तुमची बाई लई लवकर मेली जी. आमच्या इथी तिसऱ्या अंकात मरते!”

मग गडचिरोलीकडची जंगलातली शाळा. मी एक पान वाचायचो, तिथल्या मॅडम ते मुलांना गोंडीत सांगायच्या. माझं पान दोन मिनिटांचं, त्यांचं दहा! मरणाच्या प्रसंगाला पोरं खो खो हसायला लागली. मी हादरलोच.

“मॅडम, इथं ती मेली ना?”

“नाई सर,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “पोरं लहान हायेत. मी तिले बरी केली अन् मोहफुलं वेचाले नेली.”

ब्रह्मपुरीच्या बाजारात एका अनोळखी बाईनं मला गाठलं. “सर, तुमच्या कौसाबाईपायी माही सासू दोन दिवस जेवली नाई. तेरवी केव्हा हाय?”

काय सांगू, कप्पाळ! घरी आलो तर बायको म्हणाली, “कौसाबाई झिंगे देऊन गेल्या. आपल्या गावात वाचन केव्हा, म्हणून विचारत होत्या.” त्या कोळंबीचं ताट मी तसंच बाजूला सारलं. म्हणजे तिला कळलं होतं!

शेवटी गावानं सत्कार ठेवलाच. मी हळूच दुसरी गोष्ट काढली. सरपंचबाई म्हणाल्या, “नाई जी, कौसाबाईच वाचा!” कौसाबाई अगदी समोर बसलेल्या. वाचली कशीबशी. तिरडीचा भाग तर मान वर न करताच उरकला. संपलं. मी खाली उतरून सरळ त्यांचे पाय धरले.

“चुकलो बाई. जित्या माणसाला मारलं मी.”

शेजारचे म्हातारे पाटीलभाऊ हसले. “काऊन रडून राह्यला मास्तर? डोक्शावर कावळा बसला तं आपण नातलगाले मेल्याचा खोटा निरोप धाडतोच ना! ते रडले का संकट टळते. आयुष्य वाढवलं तू तिचं!”

सगळे हसले. मीही सुटलो एकदाचा, असं वाटलं. कौसाबाई मात्र हसल्या नाहीत.

“मास्तर, तुह्या गोष्टीत माहा पोरगा येते?”

“येतो.”

“रडते?”

“खूप रडतो, बाई.”

त्यांनी कमरेच्या बटव्यातून मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला.

“मंग वरोऱ्याले फोन लाव. मी मेली म्हणून सांग. तुह्या तोंडून खरं वाटते.”