म्हशीचं आंबोण

लढाई संपली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात विलायतेहून पाहुणे येणार अशी तार आली. पाळकसाहेबांनी ती उपासनेच्या शेवटी वाचून दाखवली. बायकांच्या बाजूनं माझ्या आईचा आवाज आला, "त्यास्नी खायाला काय घालायचं?" देवळात असं मधेच कोणी बोलत नाही. आमच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. पण त्या दिवशी तिला कोणी रागावलं नाही, कारण सगळ्यांच्याच मनात तेच आलं होतं.

आई मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकीण होती. मी रांगत असताना वडील पटकीनं गेले, तेव्हा बोर्डिंग चालवणाऱ्या मडमसाहेबांनी आईला चुलीपाशी ठेवून घेतलं आणि पुढं मला शाळेत. शिराळ्याच्या बाजूचं आमचं गाव. आमच्या घराण्यात कोणाला सही करता येत नव्हती आणि मी सहावीत होते. आणखी एक वर्ष, मग सातवीची परीक्षा, मग मास्तरीण. आईनं हे इतक्या वेळा घोकलं होतं की परीक्षेला तिलाच बसायचंय असं वाटावं. मी हुशार होते. हे मीच सांगते, कारण आता सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

बोर्डिंगचा खर्च विलायतेतल्या एका गिरण्यांच्या गावची मंडळी, म्हणजे तिथल्या चर्चची माणसं, पाठवायची. ती आमची जोडीची मंडळी. रोज संध्याकाळी आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करायचो, आणि तिकडे ते आमच्यासाठी करतात असं आम्हाला सांगितलं होतं. लढाईत मडमसाहेब आजारी पडून मायदेशी गेल्या. त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि पैसेही आटत गेले. इकडे रेशन. रेशनचे जोंधळे किडके, निम्मे खडे. त्याची भाकरी थापली की तव्यावर जायच्या आधीच मोडायची. म्हणून आई ते भरडून कण्या शिजवायची. त्यात बांधावरचा पाला आणि मीठ. सकाळी तेच, संध्याकाळी तेच.

पाळकसाहेबांनी आम्हा मोठ्या मुलींपासून काही लपवलं नाही. तिकडच्या मंडळीला आता दोन बोर्डिंगं झेपत नव्हती. एक आमचं, दुसरं खाली कानडी मुलखाच्या हद्दीवरचं. पाहुणे दोन्ही बघणार आणि एकच चालू ठेवणार. ते बंद पडलं की आईची चूल गेली आणि माझी सातवी गेली, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता आमच्या डोक्यात काय होतं ते सांगते. सरकारी दिपोटीसाहेब दरसाल शाळा तपासायला यायचे. ते येणार म्हटलं की भिंती सारवायच्या, फळा काळा करायचा, हुशार मुली पुढं बसवायच्या. शाळा चांगली दिसली की ग्रँट मिळायची, वाईट दिसली की कापली जायची. बघायला येणाऱ्याला चांगलं दाखवायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. कोणी गरज बघायलाही येतं, ज्याचं जास्त वाईट त्याला देतं, हे आमच्यापैकी कोणाला सुचलंच नाही. पाळकसाहेब तर मोठ्या शहरात शिकून आलेले. त्यांनाही नाही.

मग काय, सगळी मंडळी कामाला लागली. ज्याच्याकडे कोंबडी होती त्यानं कोंबडी आणली. एका म्हातारीनं बियाण्याला ठेवलेला तांदूळ आणला. गुऱ्हाळं चालू होती, तेव्हा गावातल्या एका बागाईतदारानं गुळाची ढेप दिली. गावात साहेब येतोय याचा त्यालाही अभिमान होता. भांडी मात्र त्यानं दिली नाहीत. का, ते सांगायला नको. भांडी मशिदीजवळच्या एका घरून आली, आणि त्या घरच्या बाईनं न मागता वर टोपलीभर अंडी दिली. खरजेनं भरलेल्या दोन मुलींना चार दिवसांसाठी घरी पाठवलं. ज्यांचे परकर धड होते त्यांना पुढं उभं करायचं ठरलं. मी पुढं होते. माझा परकर धड नव्हता, पण मला इंग्रजी कविता पाठ होती.

पाहुणे मिरजेपर्यंत आगगाडीनं आले आणि पुढं कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं. म्हातारे गृहस्थ आणि त्यांची बायको. आम्ही माळा घेऊन फाट्यावर उभ्या होतो. ते उतरले तेव्हा दोघांच्या तोंडावर काजळी होती, आणि बाई हसत होती. मला ती पहिल्या नजरेत आवडली, हे आज सांगतानाही माझं मलाच चमत्कारिक वाटतं. तिच्या पायमोज्यांना घोट्याशी रफू केलेलं होतं. एका जागी नव्हे, रफूवर रफू. मी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, "लांबचा परवास हाय. चांगलं कशाला घालतील?"

जेवायला कोंबडीचा रस्सा, भात, गव्हाच्या पोळ्या, अंडी, गूळ-तूप. पंगतीला पाहुणे आणि मंडळीतले चार वडीलधारे. आम्ही मुली वाढायला. तो म्हातारा गृहस्थ सावकाश आणि मान खाली घालून जेवला, आणि पुन्हा वाढलेलं पुन्हा जेवला. बाईनं उकडलेलं अंडं हातात घेतलं आणि तशीच बसून राहिली. मग तिचे डोळे भरून आले. ती काहीतरी बोलली आणि पाळकसाहेबांनी आम्हाला सांगितलं, "बाई म्हणतात, त्यांच्या गावात आठवड्याला एखादं अंडं मिळतं, तेही रांगेत उभं राहून. साखर नाही, कोळसा नाही. गिरण्या बंद पडल्यात."

आम्ही मुली एकमेकींकडे बघून हसू दाबत होतो. साहेबाच्या देशात अंडं नाही? आई दाराआडून म्हणाली, "मानूस मोठं असलं की असंच बोलतंय. आपल्याला बरं वाटावं म्हनून." आणि तिनं बाईच्या ताटात आणखी एक अंडं वाढायला मला पाठवलं.

जेवणं झाल्यावर शाळा दाखवली. मी कविता म्हटली. बाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, तुला पुढं काय व्हायचंय? मी इंग्रजीतच टीचर म्हणाले. तिनं नवऱ्याकडे बघितलं, त्यानं मान हलवली. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. माझा तर उजळलाच असणार. मी मनातल्या मनात सातवीची पुस्तकं विकत घ्यायला लागले होते.

आणि मग ती बाई, कोणी काही म्हणायच्या आत, मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात गेली.

आमच्या जेवणाचं पातेलं चुलीवर होतं. मुलींसाठी पोळ्या-कोंबडी कुठली? आमच्यासाठी रोजच्या कण्याच होत्या, आणि पाहुणे शाळा बघत असताना आळीपाळीनं गुपचूप जेवून घ्यायचं ठरलं होतं. बाईनं झाकण उचललं. वाफ आली, त्या पाल्याचा उग्र वास आला. तिनं आत बघितलं, आईकडे बघितलं, आणि एक प्रश्न विचारला. त्यातला 'चिल्ड्रन' एवढा शब्द मला कळला. तो मऊ आवाजात विचारलेला प्रश्न होता. तपासणीचा नव्हता.

पाळकसाहेब धापा टाकत मागून आले होते. त्यांनी मराठीत विचारलं, "बाई विचारतात, मुलींचं जेवण का हे?" त्यांनी स्वतः उत्तर दिलं नाही. आईवर सोपवलं.

आईनं पदर सावरला आणि बाईच्या हातातलं झाकण हळूच काढून पातेल्यावर ठेवलं. "न्हाई, न्हाई," ती म्हणाली. "म्हशीचं हाय. म्हशीला आंबोण शिजवलंय."

आमच्याकडे म्हैस नव्हती. आंबोण घालायला शेळीसुद्धा नव्हती.

पाळकसाहेबांनी तसंच सांगितलं. बाईला हायसं वाटलं, अगदी उघड दिसत होतं ते. तिनं म्हैस बघायला मागितली. पाळकसाहेब म्हणाले, ती चरायला गेलीय. मग बाई हसली आणि म्हणाली, तुमची म्हैस आमच्यापेक्षा बरं खाते. पाळकसाहेबांनी ते मराठीत सांगितल्यावर आम्ही सगळ्या हसलो, आईसुद्धा.

त्यानंतर ते पातेलं म्हशीचं झालं. पाहुणे असेपर्यंत त्याला हात लावायची सोय राहिली नाही, आणि पाहुणे तर जायचं नाव घेईनात. बाईला मुलींची गाणी ऐकायची होती. आम्ही अंगणात बसून गायलो. सकाळपासून पोटात काही नाही, समोर बाई टाळ्या वाजवतेय, आणि लहानग्या एकेक करून रडायला लागल्या. बाईनं विचारलं, का रडतात? पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही जाणार म्हणून. बाईनं त्यातल्या एकीला मांडीवर घेतलं आणि तीही रडली. तिचं खरं होतं आणि पोरीचंही खरं होतं, फक्त दोघींचं एकमेकींशी काही देणंघेणं नव्हतं. दिवस कलल्यावर मोटार आली. जाताना म्हाताऱ्यानं आमच्या गुळाचा एक खडा रुमालात बांधून कोटाच्या खिशात ठेवला, तो मी बघितला. मोटार गेल्यावर आम्ही थंडगार घट्ट झालेल्या कण्या हातानं तोडून खाल्ल्या आणि आईनं सांगितलं, "आता काय भ्या न्हाई. लय खूश झाली."

उन्हाळ्याच्या तोंडाला एका रविवारी पाळकसाहेब उपासनेनंतर उभे राहिले. विलायतेहून कळलं होतं. तिकडची मंडळी आपल्यासाठी देवाचे आभार मानते, ते म्हणाले. पाहुण्यांनी तिथं उभं राहून सांगितलं होतं की ही मंडळी आता स्वतःच्या पायावर उभी आहे, तिच्या मुली गातात, तिचा पाहुणचार आम्ही जन्मात विसरणार नाही. मदत आता हद्दीवरच्या बोर्डिंगला. तिथं त्यांनी मुलींना पाला उकडून खाताना पाहिलं. पुढं कळलं की तिकडे येणार असल्याची तार वेळेत पोचलीच नव्हती. पाहुणे अचानक दारात उभे राहिले आणि जे होतं ते दिसलं.

मंडळीतले वडीलधारे विचार करायला बसले. एकानं म्हटलं, "आवं, त्यास्नी खरं लिवून कळवा की." पाळकसाहेब म्हणाले, "लिहायचं काय? म्हैस नव्हती म्हणून?" मला वाटलं होतं कोणीतरी ओरडेल, भांडेल. कोणी भांडलं नाही. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि उठले. त्या प्रार्थनेला मी आमेन म्हटलं नाही, आणि पुढं बरीच वर्षं कुठल्याच प्रार्थनेला म्हटलं नाही.

मुलींचे आईबाप एकेक करून न्यायला आले. पाहुण्यांसाठी आपली एकुलती कोंबडी दिलेला एक बाप पोरीची पेटी डोक्यावर घेऊन आईला म्हणाला, "पावनं पोटभर जेवलं न्हवं?"

"जेवलं."

"मग झालं तर," असं म्हणून तो पोरीला पुढं घालून निघाला. ती पोर तिसरीत होती. पुढच्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं कळलं.

शिराळ्याला लोकल बोर्डाची सरकारी शाळा होती, पण राहायचं कुठं आणि खायचं काय? आईला आता पगार नव्हता. पाळकसाहेबांनी मिरजेच्या बाजूला एकदोन ठिकाणी शब्द टाकला. जागा नव्हती. आम्ही दोघी त्याच बागाईतदाराच्या उसात भांगलायला जाऊ लागलो. वर्ष फिरलं. ज्या आठवड्यात सातवीची परीक्षा होती तो आठवडा मला ठाऊक होता आणि आईलाही.

त्यातल्याच एका दिवशी, सरीत बसल्या बसल्या, मी तिला विचारलं. रागानं नाही, राग वर्षभर करून झाला होता. विचारलं, "आई, ती बाई पुन्हा आली आणि तिनं झाकण उचललं, तर आता काय सांगशील?"

ती खुरपं चालवत राहिली. मग म्हणाली, "माझी आय दारोदार शिळं मागून आनायची. दारातल्या बायका वरनं टाकायच्या, हात लागू न्हाई म्हनून. आपल्या हातचं पानीबी कुनी घेतलं न्हाई. आन ती बाई माझ्या चुलीपशी आली, माझ्या हातचं जेवली. तिला म्या सांगायचं, माझ्या पोरी ह्ये खात्यात?"

"मग?"

"मग काय? म्हशीचंच हाय म्हनीन."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं होतं, निदान ती चुकलं म्हणेल, आणि मग मी तिला माफ करीन. ती तसं म्हणाली नाही. तिला जे गेलं ते सगळं ठाऊक होतं, माझी सातवीसुद्धा, आणि तरी ती पुन्हा तेच बोलली असती. मी माझी सरी संपवली आणि पुढची धरली.