टाकीचं झाकण

ट्रॅक्टर बंद पडला की मी थोरल्या भावाला शिव्या घालायचो. सहा वर्षं घातल्या. आधी मोठ्यानं, मग मनातल्या मनात, कारण ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते.

ट्रॅक्टर बापाच्या वेळचा, तीन सिलिंडरचा, लाल. बाप गेल्यावर दवनीवाड्याची शेती आम्हा दोघा भावांत वाटली गेली. थोरल्याला नहराकडच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मिळाली, मला त्यांना लागूनच वरच्या अंगाची, आणि बदल्यात ट्रॅक्टर माझ्याकडे आला. तोवर तो थोरलाच चालवायचा. मी गोंदियाला दुकानात कामाला होतो. इंजिनातलं मला काही कळत नव्हतं, पण सगळं कळतं असा तोरा मात्र होता.

वाटणी झाली दसऱ्याच्या तोंडावर. दसऱ्याला औजारांची पूजा, म्हणून मी अख्खा ट्रॅक्टर घासून धुतला. थोरल्यानं त्याची काय अवकळा करून ठेवली होती! डिझेलच्या टाकीला झाकणसुद्धा नाही, नुसतं फडकं बांधलेलं. मी बाजारातून घट्ट बसणारं नवं झाकण आणलं, ऑइलपेंटचा डबा आणला आणि झाकणापासून इंजिनापर्यंत जिथं ब्रश पोचेल तिथं दोन-दोन हात मारले. वर झेंडूचा हार. शेजारी म्हणाला, "नवरदेवच करून टाकला तू त त्याले." मला बरं वाटलं. पुढं दर दसऱ्याला रंगाचा एक हात देणं हा रिवाजच झाला.

पुढच्या पावसाळ्यात लोखंडी चाकं लावून चिखलणीला उतरवला. अर्धा तास झकास चालला. मग धाप लागल्यासारखा आचके देत थांबला. बांधीत गुडघाभर चिखल, पलीकडे भाताच्या रोवणीला आलेल्या बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून माझ्याकडे पाहून राहिलेल्या. मिस्त्री आला. त्यानं आधी टाकी उघडून काडी घातली, डिझेल पाहिलं, मग फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली, आणि ट्रॅक्टर चालू. तो गेला आणि अर्ध्या तासानं पुन्हा बंद. त्यानंतर किती मिस्त्री झाले! एकानं पंप खोलला, एकानं नोझल बदलले. दरेकजण आधी टाकी उघडून काडी घालायचा, दरेकाच्या हातानं ट्रॅक्टर सुरू व्हायचा आणि तो मिशीवर ताव मारत निघून जायचा.

मग त्याच पावसाळ्यात माझ्या डोक्यात किडा वळवळला. वाटणीच्या आधीच्या उन्हाळ्यात थोरल्यानं हाच ट्रॅक्टर इंजिनकामासाठी आठ दिवस गोंदियाला ठेवला होता. चांगलं इंजिन तिथंच विकलं असणार आणि भंगारातलं माझ्या गळ्यात मारलं असणार. पानठेल्यावर चार लोक होते, तोही होता. मी तिथंच म्हणालो, "इंजिन बदलवलं तू. सख्ख्या भावाले फसवलं. चोर आहेस तू." त्यानं हातातला चहा तसाच ठेवला आणि घरी गेला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. लग्नाकार्यात एकाच पंगतीला बसलो तरी तो त्या टोकाला आणि मी या टोकाला.

सहाव्या वर्षी ऐन रोवणीत पुन्हा तेच. भाताच्या रोपांचे पऱ्हे वाढून पिवळे पडायला लागले आणि ट्रॅक्टर बांधीत बसून. मी ठरवलं, आता सोक्षमोक्ष लावायचा. इंजिनचा नंबर कागदाशी जुळला नाही की थोरल्याला गावासमोर उभा करायचा. फुलचूरचा एक म्हातारा मिस्त्री जुन्या इंजिनांचा जाणकार होता. त्याला मोटरसायकलवर बसवून आणला.

त्यानं आधी इंजिनाभोवती एक चक्कर मारली. "नंबर कहाँ है? इतना पेंट काहे को थोपा?" म्हणाला. पंपाच्या बाजूला बोटभर सपाट जागा होती, ती माझ्याच रंगाखाली गेलेली. आम्ही छिन्नीनं रंग खरवडत बसलो. सहा दसऱ्यांचा रंग, पापुद्र्यावर पापुद्रा. खाली डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसल्यावर आकडे दिसायला लागले. तो एकेक आकडा वाचायचा, मी बापाच्या नावाच्या आरसी बुकात बोट ठेवून पाहायचो. सगळे जुळले. शेवटचाही.

"ओरिजिनल है भाऊ," तो म्हणाला.

खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. राग आला. सहा वर्षं सांभाळलेली चीज कोणी हातातून हिसकावून घेतल्यासारखं झालं. मी म्हणालो, "मंग बंद काऊन पडते?"

"मरता कैसे है, वो दिखाओ."

चालू केला. अर्धा तास तो धुऱ्यावर बिडी ओढत बसला. ट्रॅक्टरनं आचके दिले आणि थांबला. म्हाताऱ्यानं काडी शोधली नाही. टाकीवर कान टेकवला आणि झाकण हळूच फिरवलं. आतून हवा ओढल्याचा लांब आवाज आला. त्यानं झाकण उलटं केलं, खिशातली तार काढली आणि झाकणाच्या बारीक छेदातून लाल रंगाची वाळलेली गुठळी बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"डिझेल नीचे जाएगा तो ऊपर से हवा आनी चाहिए ना? हवा नहीं, तो पंप खींचेगा क्या?" मग त्यानं विचारलं, "पेंट किसने किया?"

मीच, म्हणालो.

त्याला सोडून आलो आणि तसाच चिखलाच्या पायांनी थोरल्याच्या बांधीवर गेलो. तो धुऱ्यावर बसून भाकर खात होता. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर उभा राहिलो. म्हणालो, "झाकन होतं. रंगानं छेद बुजला होता."

"मालूम आहे मले," तो म्हणाला.

"कवापासून?"

"पयल्या सालापासून. झाकन रंगवलेलं दिसतच होतं इथून. अन् मिस्त्र्यानं टाकी उघडली का ट्रॅक्टर चाले. फडकं मी उगाच बांधत होतो का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा पावसाळे हा माणूस शेजारच्या धुऱ्यावर बसून मला चिखलात कुथताना पाहत होता. "मंग सांगतलं काऊन नाही?"

त्यानं घास गिळला. "तू चार लोकांत चोर म्हनलास मले. मंग मी कायले सांगू?"

मी परत निघालो, तेव्हा त्यानं मागून विचारलं, "नंबर जुळला का?"

"जुळला."

"मंग तेही चार लोकांतच सांगजो."

मी हो म्हणालो. त्या दिवशी झाकण काढून फेकलं आणि टाकीला जुन्या लुंगीचं फडकं बांधलं. त्याला आता तीन रोवण्या झाल्या. ट्रॅक्टर दिवसभर चालतो, कुठं अडत नाही. पानठेल्यावर मी रोज जातो, चार लोक रोज असतात. मी चहा पितो आणि घरी येतो. अजून सांगितलेलं नाही.