छ्या मिस्त्री आणि गाडीच्या चार पिढ्या

मिस्त्रींनी आमच्या गाडीबद्दल काढलेला पहिला उद्गार 'छ्या' असा होता, आणि तोही अर्धं तोंड बधिर असताना. १९७९च्या माझ्या वहीत नऊ फेब्रुवारीला नोंद आहे: 'दाढ काढून घेतलेला एक मेकॅनिक दवाखान्याबाहेर गाडीपाशी थांबला. तोंडात बोळा. छ्या म्हणाला. ह्यांना राग आला.'

हे म्हणजे माझे यजमान, दातांचे डॉक्टर. गाडी म्हणजे दोन माणसांची, बुटकी, कापडी टपाची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची स्पोर्ट्स कार. ती ह्यांनी आदल्या वर्षी तिसऱ्या मालकाकडून घेतली होती. कंपनीने त्या नावाने काढलेली ती पहिली पिढी, आणि तिच्याबद्दल आजकाल माणसं गहिवरून बोलतात. गहिवरणाऱ्यांपैकी कोणीही तिच्यात माझ्या जागी बसलेलं नाही. इंजिनाची सगळी धग ड्रायव्हरशेजारच्या माणसाच्या पायांवर सोडायची, अशी तिची रचना. पाऊस आला आणि टप ओढला, तर पाणी माझ्या गुडघ्यांवर गळायचं, ह्यांच्या कधीच नाही. ज्याने ती आखली त्याला बायको नसावी, किंवा असली तर तो तिला घरीच ठेवत असावा.

चार दिवसांनी, गालाची सूज उतरल्यावर, मिस्त्री परत आले. ह्यांनी जरबेने विचारलं, "त्या दिवशी छ्या कशाला म्हणालात?"

"मग काय म्हणू, डॉक्टर? चेहरा राजपुत्राचा आणि पोट कायम बिघडलेलं."

हे हसले आणि तिथेच फसले. नऊ वर्षांपूर्वी हे गेले, तोवर त्या गाडीला मिस्त्रींशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही.

मिस्त्री सोळाव्या वर्षी बस डेपोत लागले होते. अकरा वर्षं त्यांनी बसगाड्यांच्या पोटाखाली काढली. डेपोच्या साहेबांनी नव्या धाटणीची बस आणली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि हे गृहस्थ छ्या म्हणाले. साहेबांनी ते ऐकलं. बस पहिल्याच दिवशी फाटकात बंद पडली, हे साहेबांना जास्त झोंबलं. महिन्याभरात मिस्त्री घरी बसले. मग दोन इमारतींमधल्या बोळात त्यांनी गॅरेज थाटलं, इतकं आखूड की आत घेतलेल्या गाडीचं नाक रस्त्यावरच राही. भिंतीवर पाने टांगलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि प्रत्येकामागे रंगाने त्याची आकृती काढलेली. दोन-तीन पाने कामाला गेले की ती भिंत बोळकं दाखवते, असं हे म्हणत.

गिऱ्हाइकं मात्र टिकत नसत. गिऱ्हाइकाच्या तोंडावर त्याच्या गाडीची लायकी काढली तर तो दुसऱ्यांदा कशाला येईल? घरी फोन केला की त्यांची बायको सांगायची, "आहेत, पण आज सकाळपासून तीनदा छ्या झालंय. तुम्ही उद्या करा." 'छ्या मिस्त्री' हे नाव गावभर तिनेच केलं असावं.

कंपनीने त्याच नावाच्या गाडीची दुसरी पिढी काढली, तेव्हा हे मिस्त्रींना मुद्दाम दुकानात घेऊन गेले. मिस्त्रींनी तिला एक फेरी मारली. "हिची कंबर कुठे गेली?" एवढंच विचारलं. तिसऱ्या पिढीचे दिवे मोठे, वटारलेले. "ही कोणावर डोळे काढतेय?" जुनीवर त्यांची माया होती असं मात्र कोणी समजू नये. तिला ते डबा म्हणत. पण एकदा मला म्हणाले, "वहिनी, हा डबा बिघडला की का बिघडला ते तरी सांगतो. नवी बिघडली की माणूस बोलवा, माणूस यंत्र आणणार, आणि यंत्र म्हणणार, काही झालेलं नाही."

जुनीचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा ती हळूहळू आमच्या दवाखान्यावर जगू लागली. पेशंटची जुनी खुर्ची मोडीत निघाली. तिचं कातडं कापून मिस्त्रींनी दारांच्या कडांना आतून लावलं आणि वीस वर्षांची खडखड थांबली. पाय ठेवायच्या पट्टीचा खटका सीट पुढेमागे सरकवायला सीटखाली गेला. गिअरच्या दांड्यावरचा गोळा फुटला, तेव्हा ह्यांनी आणि मिस्त्रींनी मिळून साचा केला आणि कवळीच्या मसाल्यातून नवा गोळा ओतला. रंग दातांचा, तोही पन्नाशीच्या माणसाच्या, किंचित पिवळट. दोघांनी तो तीन दिवस घासला. त्या तीन दिवसांत चार पेशंट परत गेले, याचीही नोंद आहे.

गेल्या डिसेंबरात माझ्या जावयांनी चौथी पिढी घेतली. जावई कशाचे तरी सल्लागार आहेत. कशाचे, ते लेकीलाही नीट सांगता येत नाही. गाडी माझ्या दारात उभी करून त्यांनी मिस्त्रींनाही बोलावून घेतलं.

"मिस्त्रीकाका, ऐका हं." त्यांनी एक बटण दाबलं. आतून घुमल्यासारखा आवाज आला. "हा पहिल्या पिढीचा आवाज. कंपनीने रेकॉर्ड करून स्पीकरमधून दिलाय."

"आणि हिचा स्वतःचा?"

"तो ऐकूच येत नाही. एकदम शांत इंजिन आहे."

"म्हणजे ही मुकी, आणि आजीची टेप लावून हिंडते?"

जावई हसले नाहीत. त्यांना हसायचं तर तो विनोद आधी कुठेतरी वाचलेला असावा लागतो. मग त्यांनी खरं काम काढलं. जुन्या गाड्यांच्या मंडळाचा मेळावा होता. तिथे चारही पिढ्या ओळीने उभ्या राहणार आणि जावई त्यांची तुलना करणारं भाषण देणार. आमची गाडी पहिली. मात्र मंडळाचे परीक्षक ती तपासणार. सगळं मूळ कारखान्याचं निघालं तर प्रमाणपत्र. नाही निघालं तर जावई ती सहा महिन्यांसाठी कंपनीच्या वर्कशॉपला देणार, आणि तिथे कंपनीचं नसलेलं सगळं काढून फेकून नवंकोरं 'मूळ' बसवणार.

"चालेल ना, आई?"

मी हो म्हटलं. गाडी शेडमध्ये पडून होती आणि जावयांना गप्प करायचा तोच जवळचा रस्ता होता.

"नेऊ दे. डबा आहे," मिस्त्री म्हणाले.

पण पुढचे तीन आठवडे ते रोज सकाळी नऊला शेडमध्ये हजर. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सायकलवरून. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, कंपनीच्या भागांवरची धूळ तशीच होती. लखलखत होतं ते फक्त त्यांनी स्वतः केलेलं. विचारलं असतं तर ते छ्या म्हणाले असते.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी मैदानावर चार पिढ्या उभ्या राहिल्या, आमची सर्वांत बुटकी. जावयांनी बाजूला एक टेबल मांडून त्यावर माझ्या सगळ्या वह्या रचल्या होत्या, 'गाडीचा इतिहास' म्हणून. वर पाटी, 'कृपया हात लावू नये'. आत काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर वह्या घरीच राहिल्या असत्या.

परीक्षक पांढरे हातमोजे घालून आले. हातात भिंग आणि छापील यादी. त्यांनी दार उघडलं, लावलं. जाड, दबका आवाज आला. त्यांनी डोळे मिटून पुन्हा लावलं.

"हा आवाज! हे त्या पिढीच्या घडणीतलं वजन. नव्या गाड्यांत शोधून सापडणार नाही."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं, जणू दार त्यांनीच घडवलं होतं. सीटखालचा खटका यादीत पास झाला. इंजिन सुरू केल्यावर परीक्षकांनी मान डोलावली. मिस्त्री बॉनेटपाशी हात मागे बांधून उभे होते. गप्प. तसेच पाच मिनिटं गप्प राहिले असते तर प्रमाणपत्र मिळालं असतं, आणि त्यांनी केलेला एकेक तुकडा जागच्या जागी राहिला असता. त्यांना ते कळत होतं. त्यांचे कान लाल झाले होते.

मग परीक्षकांनी एका हाताचा मोजा काढला आणि गिअरचा गोळा कुरवाळला. "ही ऊब बघा. ह्याला म्हणतात कारखान्याची कारागिरी. आजच्या प्लास्टिकला हे जमेल?"

"छ्या!"

मैदानावर सगळ्यांनी वळून पाहिलं.

"कारखान्याच्या बापाला तरी जमलं असतं का? तो गोळा मी केलाय. कवळीच्या मसाल्याचा."

"मिस्त्रीकाका!" जावई दातओठ खात म्हणाले.

परीक्षक मात्र हसले, समजूत घातल्यासारखे. "काका, तीस वर्षं मी ह्या गाड्या तपासतोय. हा मूळ गोळा आहे. दुसऱ्याच्या कामाला आपलं नाव चिकटवायची गॅरेजवाल्यांची सवय मला ठाऊक आहे."

 पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मिस्त्रींना छ्या म्हणता आलं नाही. ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. लोक हसत होते.

जावई माझ्या कानाशी आले. "आई, सोडून द्या. पास झालीय गाडी."

मी टेबलापाशी गेले, पाटी बाजूला केली आणि माझ्याच वहीला हात लावला.

"१९८७," मी मोठ्याने वाचलं. "अकरा सप्टेंबर. गिअरचा गोळा ओतला. पांढरा मसाला कमी पडला म्हणून तळाला हिरडीचा गुलाबी वापरला. मिस्त्री म्हणाले, खाली कोण बघतंय."

 परीक्षकांनी गोळा फिरवून काढला आणि उलटा केला. तळाशी गुलाबी हिरडी होती, लहान मुलाच्या हिरडीसारखी स्वच्छ. परीक्षकांनी तो दोन बोटांत धरला, परक्या माणसाची कवळी धरावी तसा.

"आणि दार?" त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं.

"पेशंटच्या खुर्चीचं कातडं. १९९८, वीस जून."

"खटका?"

"त्याच खुर्चीचा. त्याच आठवड्यात."

"पण आवाज तर…"

"दुधाच्या टेम्पोचा सायलेन्सर. १९९१, तीन मे. जुना रस्त्यातच गळून पडला आणि मी घरी चालत आले, तेही लिहिलं आहे."

परीक्षक एकेक ओळ खोडत गेले. शेवटी यादीची घडी करून त्यांनी ती जावयांच्या हातात दिली आणि मोजा चढवून दुसऱ्या गाडीकडे निघून गेले. जाताना मिस्त्रींची माफी मागावी, असं त्या तीस वर्षांच्या अनुभवाला काही सुचलं नाही.

"आई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?" जावई म्हणाले.

"तारखेच्या."

"ठीक आहे. मग ठरल्याप्रमाणे सोमवारी गाडी वर्कशॉपला जाईल. तुम्ही हो म्हणाला होतात."

"म्हणाले होते. आता नाही म्हणते. गाडी माझ्या नावावर आहे, जावईबापू. तुमच्या भाषणाला तीन पिढ्या पुरेत. पहिलीचा आवाज तुमच्या स्पीकरमध्ये आहेच."

त्यानंतर पंधरा दिवस जावयांनी फोन केला नाही. ते दिवस निवांत गेले.

त्या दिवशी मैदानावरच मिस्त्रींनी गोळा शर्टाला पुसून जागेवर बसवला आणि आम्ही निघालो. ते चालवत होते, मी माझ्या जागी, मांडीवर वह्या आणि पायांवर धग.  रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा समोर बघतच त्यांनी विचारलं, "वहिनी, त्या गोळ्याचं अजून काय लिहिलंय?"

"तीन दिवस घासला. चार पेशंट परत गेले."

"आणि?"

"एवढंच."

"दोनदा ओतला होता तो. पहिला माझ्या हातून फुटला. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं नसणार."

"नाही सांगितलं."

"छ्या!" मिस्त्री म्हणाले. "मग कसली वही ती?"

फाटक उघडलं. घरी आल्यावर चष्मा पुसून मी १९८७ची वही काढली आणि अकरा सप्टेंबरच्या समासात त्या दिवसाची तारीख घालून दुरुस्ती केली: 'गोळा दोनदा ओतला. पहिला मिस्त्रींच्या हातून फुटला. त्यांनीच सांगितले.'