मी बोल्ट कसत राहिलो

गिअरबॉक्स माझ्या छातीवर होता. वर, गाडीखालच्या खड्ड्याच्या काठाशी मालकांचे चकचकीत बूट दिसत होते. शेजारी गिऱ्हाइकाच्या चपला.

"खाली कोण आहे हो?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"आहे एक नागपूरकडचा. या लोकांना खालीच ठेवलेलं बरं. वर घेतलं की आरक्षण मागतात."

दोघं हसले.

नेपियर टाउनमधलं ते गॅरेज. मालक मराठी, पिढ्यानपिढ्या जबलपूरचे. एरवी गोड हिंदी बोलायचे. गिऱ्हाईक मराठी निघालं की मनातलं बोलायचे. मी बौद्ध. माझे आजोबा कामासाठी भंडाऱ्याकडून इकडे आलेले. गॅरेजातल्या कामगारांत मराठी कळणारा मी एकटाच, हे मालकांना ठाऊक होतं. तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही.

क्लच प्लेट बदलून आम्ही गिअरबॉक्स परत इंजिनाला जोडत होतो. हे दोघांचं काम. वरचा माणूस पाना लावून इंजिन किंचित फिरवतो. खालचा गिअरबॉक्स छातीवर घेऊन त्याचा शाफ्ट प्लेटच्या दात्यांत घालतो. वर सुखलाल होता, जवळच्या मझौली गावचा. त्याला मराठी कळत नव्हती. हसणं कळलं होतं.

"का कै रये, भैया?"

"कुछ नहीं. कह रहे हैं, काम बढ़िया है."

सुखलाल खूश झाला. त्यानं पाना फिरवला आणि शाफ्ट सरकन आत गेला. मी खाली जॅक लावला, दोन बोल्ट अडकवले.

तेवढ्यात सुशीलाचा आवाज आला. माझी बायको. डबा घेऊन कधीची दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काहून हो साहेब, खाली माणूस पडून आहे अन् तुम्ही त्याच्या डोक्यावर उभं राहून त्याच्या जातीवर हसून राहिले? आरक्षण काय तुमच्या घरून नेलं आम्ही?" मग ती माझ्याकडे वाकली. "वर या."

मालक तिच्याशी बोललेच नाहीत. खड्ड्यात बघून म्हणाले, "बाईला आवर रे."

मी हात जोडले. ऑइलनं काळे झालेले हात. पडल्या पडल्या जोडले.

"माफ करा साहेब. तिला समजत नाही."

सुशीलानं डबा काठावर ठेवला आणि ती निघून गेली.

मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली. गिअरबॉक्स मध्येच सोडला तर त्याचं वजन शाफ्टवर येतं, नवी प्लेट वाकते. मग कसा वर येणार? हे खरं आहे, कुठल्याही मेकॅनिकला विचारा. पण खाली जॅक होता. दोन बोल्ट लागले होते. तेवढ्यावर गिअरबॉक्स आरामात राहतो. मला वर येता आलं असतं. मी बाकीचे बोल्ट कसले. एकेक करून, नीट. ऑइल भरलं. डबा खाल्ला. गाडी पुढेमागे करून दाखवली. मालक म्हणाले, "शाबास." मला बरं वाटलं. लिहायला जड जातं, पण बरं वाटलं.

घरी सुशीला म्हणाली, "काहून हात जोडले तुम्ही?"

मी हातावरचं ऑइल घासत राहिलो.

"त्यानं तुम्हाला खाली पाडलं. तुम्ही मला पाडलं. उद्या तिथं जायचं असन तर जा. मग मी या घरात दिसणार नाही."

मी गेलो नाही. स्वाभिमान वगैरे काही नव्हतं. ती जाईल याची भीती होती.

वस्तीत लोकांनी विचारलं, काम काहून सोडलं? मी म्हणालो, "मालक जातीवर बोलला. गिअरबॉक्स तसाच लटकत ठेवला, वर आलो अन् तोंडावर सुनावलं." सुशीला उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. मरेपर्यंत ती यावर एक शब्द बोलली नाही.

पुढे मी सिहोऱ्याच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. दर जयंतीला माझी ती गोष्ट सांगितली जाऊ लागली. सांगता सांगता वाढली. आता तिच्यात मी मालकावर पानासुद्धा उगारतो. मी कधी अडवलं नाही. टाळ्या गोड लागतात.

परवा जयंती मंडळाचा अध्यक्ष आला. मिलिंद, तरुण पोरगा.

"काका, इस बार आपका सत्कार है. तो गिअरबॉक्सवाला किस्सा सांगाच. पण थोडा हिंदीत हं, पोट्ट्यांना मराठी अर्धीच समजते."

मी विचारलं, "सुशीलाकाकू आठवते का तुला?"

"अरे, हो ना! काय झुणका बनवायच्या!"

झुणका. तिचं एवढंच उरलं आहे वस्तीत. बाकीचं मी घेतलं.

यंदा मी स्टेजवर जाईन. शाल घेणार नाही. मालक काय म्हणाले ते सांगीन. मी सुखलालला काय सांगितलं ते सांगीन. हात कसे जोडले ते दाखवीन. मग सुशीला काय बोलली ते. आधी मराठीत, तिच्याच शब्दांत. मग हिंदीत, मागच्या रांगेतल्या पोराला कळेपर्यंत.

या वेळी 'कुछ नहीं' म्हणणार नाही.