लाकडाचा रेणू

मी चौथीपर्यंत शिकलो, पण पोंभुर्ण्याच्या पट्ट्यात बैलगाडीचं चाक माझ्यासारखं कोणी केलं नाई. टायरच्या गाड्या आल्या तरी मी लाकूड सोडलं नाई. धाकटी पोरगी अकरावीत होती. विज्ञान प्रदर्शनासाठी तिच्या सरांनी प्लास्टिकचा रेणू विकत आणायले सांगितला, तेव्हा मी भर शाळेत म्हणलो, "विकत कशाले? मी सागवानाचा करून देतो."

रेणू म्हणजे काय, ते घरी तिनं सांगितलं. मधात गंधकाचा एक अणू, भोवती फ्लोरीनचे सहा, सारख्या अंतरावर. मी हसलो. बारा आऱ्यांचं चाक डोळे मिटून बसवणारा मी, सहाचं काय! परकाराचं माप न बदलता गोलावर सहा पावलं टाकली, गिरमिटानं भोकं पाडली, काड्या ठोकल्या, टोकांना गोळ्या बसवल्या.

"बाबा, हे तं चपटं झालं," ती म्हणाली. "फ्लोरीनचे अणू एकमेकाले दूर ढकलतात. वर-खाली एवढी जागा मोकळी असताना एकाच पातळीत दाटी काऊन करतीन?"

"तुझ्या सरांनी कधी चाक बसवलं का?"

"तुम्ही कधी अणू पाह्यला का?"

दोन दिवस मी तेच चपटं घासत बसलो. प्रदर्शन परवावर आलं. भर शाळेत दिलेला शब्द टोचून राह्यला होता. शेवटी ओली माती मळून गोळा केला. काड्या घाल, काढ, पुन्हा घाल. चार काड्या चारी दिशेले, एक वर, एक खाली. शेजारच्या टोकांमधलं अंतर दोरीनं मापलं. त्या चपट्यात ते काडीएवढंच भरलं होतं, इथं जवळपास दीडपट. कसंही फिरवा, रूप तेच. मले असा राग आला की माती भिंतीवर फेकून मारली. मग सागवानाचा नवा गोळा घेतला.

प्रदर्शनात परीक्षक बाईंनी विचारलं, "सहाही एका पातळीत ठेवले तर काय बिघडलं?"

पोरगी ओढणीचं टोक पिळत उभी. मले राहवलं नाई. मागून ओरडलो, "असं कसं जमंन? दाटी नाई होत का?"

"भाऊ, तुम्ही गप्प बसा!" बाईंनी दटावलं.

पोरगी वळून माझ्याकडे पाहतच राह्यली, अन् फस्सकन हसली. मग जी बोलत सुटली, ती थांबेना.

मी बाहेर पटांगणात चकरा मारत राह्यलो. खिडकीतून तिचा आवाज येत होता, साठ अंश, नव्वद अंश. बाईंनी पुढचा प्रश्न टाकला की माझे पाय थांबत. तिनं उत्तर दिलं की पुन्हा चालू लागत.