सरांचं धुकं

सरांनी माझ्या आईला पुसलं. सगळ्या वर्गासमोर. रुंद ब्रश पाण्यात बुडवला आणि माझ्या कागदावर फिरवला. तो ब्रश असा दांडगा, की मनात आणलं असतं तर सरांनी पंचवटीपासून गंगापूर धरणापर्यंत सगळं नाशिक पुसून टाकलं असतं. पण त्यांनी फक्त आईला पुसलं.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. मी चित्रकला शिकत होतो. वर्गातला प्रत्येक जण गोदाघाट काढायचा. देवळं, पायऱ्या, सकाळचं धुकं. सर काढायचे तसंच धुकं. नाशकात थंडीत पडत नसेल तेवढं धुकं आमच्या वर्गात बारा महिने पडायचं. मी मात्र घाटाच्या खालच्या अंगाला लोकांचं धुणं धुणारी आई काढली होती. जाड काळ्या रेघेत. ती रेघ मला जयंतीच्या मिरवणुकीचे फलक रंगवताना सापडलेली. रस्त्याच्या पार त्या टोकाच्या माणसाला दिसावी अशी. तिच्यावरून बैलगाडी गेली असती, मालासकट.

सर म्हणाले, "तुमच्या लोकांना सगळं भडकच लागतं का रे? काळा हा रंगच नाही."

शेजारचा म्हणाला, "आमच्या डब्यात ब्रश बुडवू नको बाबा. पाणी बाटेल."

वर्ग हसला. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं. खिडकीतले पारवे उडाले ते म्हणे थेट कळवणला जाऊन बसले.

आईच्या जागी करडा डाग उरला. सरांनी त्यावर चार फटकारे मारले. धुकं झालं. "आता बघ," ते म्हणाले. "हात लागला की चित्र उठतं."

तेच चित्र वार्षिक प्रदर्शनात लागलं. खाली माझं नाव. बक्षीसही मिळालं. बघणारे म्हणायचे, अगदी सरांचा हात. घरी मी फेकलं, की माझ्या चित्रापुढं एवढी गर्दी आहे, पोलीस बोलवावे लागले. तुला काढलंय, असंही सांगितलं. आई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून आली. चित्रासमोर उभी राहिली. वाकून बघितलं. बाजूला होऊन बघितलं.

"ह्यात मी कुठं हाय?"

मी करड्या डागावर बोट ठेवलं.

तिनं आपल्या हातांकडं बघितलं. मग म्हणाली, "लोकांचं धुवून धुवून हात गेले माझे. आन् तुमी मलाच धुतलं व्हय रे?"

तुमी म्हणाली. मला आणि सरांना एकत्र धरून. माझ्या तोंडात बत्तीस दात आणि बत्तीस हजार थापा. त्या दिवशी एक बाहेर निघाली नाही.

पुढच्या आठवड्यात आईला पुन्हा काढलं. आधीपेक्षा काळी. सर ब्रश घेऊन आले.

मी म्हणालो, "सर, शिवू नका."

हा शब्द आमच्या आज्यापणज्यांनी जन्मभर ऐकला होता. आमच्या तोंडून तो कुणी ऐकला नव्हता. सरांचा ब्रश हवेतच. पाणी त्यांच्याच बुटांवर गळत राहिलं.

"असं? मग बस तुझं तू."

बसलो. सर पुन्हा माझ्या कागदाजवळ फिरकले नाहीत. शेजारच्यानं स्टूल उचलून लांब नेलं. माझा पाण्याचा डबा वेगळा झाला. सगळे चहाला गेले की मी भिंतीशी गप्पा मारायचो. एवढ्या लांबलचक, की तिनं पोपडे टाकायला सुरुवात केली.

त्यानंतर माझं चित्र कुठल्याच प्रदर्शनात लागलं नाही. ऐंशीच्या दशकात शहरात घाट काढणारे वाढले. एकमेकांच्या घरी जायचे, एकमेकांना वाहवा द्यायचे. माझ्याकडं कुणी आलंच तर विचारायचं, जरा सौम्य करून द्याल का?

नाही.

माझी रेघ आवडावी म्हणून मी काढत नाही. माणूस दिसावा म्हणून काढतो. एकटा काढतो. आणि आता कुणी ब्रश घेऊन कागदाजवळ आलं, तर तोंडानं सांगत बसत नाही.

मनगट धरतो.